घाटमाथ्यावर थांबलेली पिढी : गोमंतकाच्या परागंदा तरुणांनी घर कसे गाठले?

बेळगावहून गोव्याकडे येणारा प्रवासी आज खानापूर तालुक्याच्या रानातून सहज पुढे सरकतो. कोणी जांबोटी, कणकुंबी करीत चोर्ला घाटाने सत्तरीत उतरतो. कोणी लोंढा, अनमोड या मार्गाने मोलेला पोचतो. रेल्वेने येणारा लोंढा जंक्शन मागे टाकतो आणि कॅसलरॉकनंतर दूधसागरची फेसाळती धार पाहण्यासाठी खिडकीशी सरकतो. वाटेत थांबावे लागते ते चहापुरते. सुमारे सत्तर वर्षांपूर्वी मात्र याच वाटांवर गोमंतकीय तरुणांची एक पिढी थांबून राहिली होती. तिचे घर घाटाच्या पायथ्याशी होते आणि तेथे जाण्याची तिला बंदी होती.

हुकूमशाही कोसळल्यावर मायदेशी परतणारा तरुण म्हटले की वाचकाच्या मनात बहुधा चिली, अर्जेंटिना किंवा स्पेन येतो. वस्तुतः असा तरुण गोमंतकाच्या इतिहासातही आहे. त्याच्या कथेला मात्र एक वेगळे वळण आहे. अन्यत्र आधी हुकूमशहा गेला आणि मग परागंदा माणसे परतली. गोव्यात १९ डिसेंबर १९६१ रोजी हुकूमशाहीची सत्ता संपली, तरी ती लिस्बनमध्ये आणखी बारा वर्षांहून अधिक काळ टिकून होती. त्यामुळे गोमंतकीयांचे परतणे एका दिवशी घडले नाही. कोणी विमानातून परतले, कोणी लष्कराच्या पाठोपाठ, कोणी सात-आठ वर्षांनी तुरुंगातून, तर कोणी केवळ अस्थींच्या रूपाने. हा क्रम समजून घ्यायचा तर आधी ती पिढी घराबाहेर का पडली, हे पाहावे लागते.

परागंदा होण्याच्या तीन तऱ्हा

आंतोनियु सालाझार १९३२ मध्ये पोर्तुगालचे पंतप्रधान झाले. त्याआधी, १९३० मध्येच, त्यांच्या पुढाकाराने वसाहतविषयक कायदा लागू झाला होता आणि गोमंतकीयांचे राजकीय स्थान दुय्यम ठरले होते. त्यानंतर सभाबंदी आणि पूर्वसेन्सॉरशिप गोव्याच्या अंगवळणी पडली. छापून निघणारा प्रत्येक कागद आधी सरकारी नजरेखालून जाई. लग्नपत्रिकाही त्यातून सुटत नसे. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया यांनी मडगावात बंदी मोडून सभा घेतली, तिचे महत्त्व या पार्श्वभूमीवर कळते. त्या दिवशी मागणी स्वातंत्र्याचीही आधीची होती : चारचौघांत उभे राहून बोलता यावे, एवढीच.

पुढे १९५१ मध्ये पोर्तुगालने घटना बदलली आणि वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ असे नाव दिले. शब्द बदलला, परंतु त्याचा परिणाम खोल होता. गोवा हा पोर्तुगालचाच भाग आहे असे एकदा मानले, की त्याच्या मुक्तीची मागणी करणारा नागरिक आपोआप देशद्रोही ठरतो. त्याच्यावरचा खटला लष्करी न्यायालयात चालतो आणि त्याची शिक्षा वर्षांच्या हिशेबात मोजली जाते.

घर सुटण्याच्या तीन तऱ्हा या व्यवस्थेतून निर्माण झाल्या. पहिली हद्दपारीची. टी. बी. कुन्हा, पुरुषोत्तम काकोडकर, डॉ. राम हेगडे, लक्ष्मीकांत भेंब्रे यांना १९४६ च्या लढ्यानंतर पोर्तुगालच्या किनाऱ्यावरील पेनिश किल्ल्यात धाडण्यात आले. म्हापशाचे शल्यचिकित्सक डॉ. पुंडलिक गायतोंडे यांनी फेब्रुवारी १९५४ मध्ये एका भोजनसमारंभात गोवा हा पोर्तुगालच असल्याच्या विधानाला उघड हरकत घेतली, तेवढ्यावरून त्यांना अटक होऊन लिस्बनला पाठवण्यात आले. दुसरी तऱ्हा भूमिगतांची. अटकेचा सुगावा लागताच रातोरात डोंगर ओलांडून भारतात येणाऱ्यांची ती वाट होती. तिसऱ्या तऱ्हेची नोंद इतिहासात सर्वांत कमी आहे. शिक्षणासाठी वा नोकरीसाठी बेळगाव, धारवाड, पुणे, मुंबई येथे असलेले तरुण तेथे चळवळीत ओढले गेले आणि मग परत जाणे म्हणजे तुरुंगात जाणे ठरले. त्यांना कोणी घालवून दिले नव्हते. त्यांच्यामागे दार लागले होते, एवढेच.

लोंढा : चळवळीचा उंबरठा

या तिन्ही प्रकारच्या माणसांना आसरा देणारा पहिला मुलूख म्हणजे खानापूर-बेळगावचा पट्टा. त्याचे कारण भूगोलात आहे. खानापूर तालुक्याची पश्चिम कड सह्याद्रीला टेकलेली आहे. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि तेथून थोड्याच अंतरावर पाणी उलट्या दिशेने, गोव्याकडे वाहू लागते. रान दोन्ही बाजूंना एकच. मराठी, कोंकणी आणि कन्नड या भाषा एकमेकींत मिसळलेल्या. याच तालुक्यातील हलशी ही एके काळी गोव्याच्या कदंबांची दुसरी राजधानी होती. घाटाच्या वरचा आणि खालचा प्रदेश एका सत्तेखाली असण्याचा काळ येथील दगडी मंदिरांना ठाऊक आहे. मधली आंतरराष्ट्रीय सीमा ही त्यामानाने अलीकडची गोष्ट.

दुसरे कारण रेल्वेचे. मुरगाव बंदराकडे जाणारा लोहमार्ग लोंढ्याला मुख्य मार्गापासून फुटतो. ब्रिटिश हद्दीतील कॅसलरॉक आणि पोर्तुगीज हद्दीतील कुळे ही सीमेची दोन स्थानके. परंतु मुंबई, पुणे, बेळगाव, धारवाड या सर्व दिशांनी येणाऱ्यांना एकत्र भेटण्यास सोयीचे गाव लोंढा हेच. म्हणूनच मडगावच्या सभेनंतर दोनच महिन्यांनी, ऑगस्ट १९४६ मध्ये, विखुरलेल्या गोमंतकीय गटांची बैठक लोंढ्यात भरली आणि तेथे नॅशनल काँग्रेस (गोवा) या संघटनेचा पाया घातला गेला. गोव्याच्या मुक्तिलढ्यातील एका प्रमुख संघटनेचा जन्म गोव्यात होऊ शकला नाही, तो खानापूर तालुक्यात झाला, ही गोष्ट गोव्यातही फारशी सांगितली जात नाही. त्यानंतर सप्टेंबरअखेर लोहिया पुन्हा गोव्यात शिरू पाहत असता त्यांना कुळे स्थानकावर पकडण्यात आले, आग्वादच्या किल्ल्यात ठेवण्यात आले आणि ऑक्टोबरमध्ये अनमोडच्या हद्दीवर आणून सोडण्यात आले. पोर्तुगीज सत्तेला नको असलेला माणूस जेथे आणून सोडला जाई, ती जागा म्हणजे हा घाटमाथा होता.

पुढच्या दशकात बेळगाव हे गोमंतकीय कार्यकर्त्यांचे दुसरे घर बनले. संघटनांची कामे येथून चालत, पत्रके येथून जात, जखमी आणि पळून आलेले येथे पोचत. सशस्त्र मार्गाने लढणाऱ्या आझाद गोमंतक दलाच्या तरुणांनाही डोंगरवाटांची आणि त्या वाटांवरील वस्त्यांची साथ लागे. या वस्त्यांनी दिलेली भाकरी आणि रात्रीचा निवारा कोणत्याही दप्तरात नोंदलेला नाही.

दार लागले ते वर्ष

१९५५ पर्यंत सीमा कडक असली तरी जिवंत होती. त्या वर्षी ती मेली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी देशभरातून आलेले नि:शस्त्र सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले. पत्रादेवी येथे त्यांच्यावर गोळीबार झाला. कॅसलरॉकच्या बाजूलाही गोळ्या झाडल्या गेल्या. त्यानंतर भारताने गोव्याशी असलेले व्यवहार जवळजवळ तोडले. १ सप्टेंबर रोजी पणजीतील भारतीय वकिलात बंद झाली आणि लोंढ्याहून कुळ्याकडे जाणारी रेल्वे थांबली.

राजकीय पातळीवर हा पोर्तुगालवर आणलेला दबाव होता. बेळगावात खोली घेऊन राहणाऱ्या गोमंतकीय तरुणाच्या पातळीवर त्याचा अर्थ निराळा होता. घर शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, पण तेथून येणारे पत्र सेन्सॉरच्या हातातून येणार. आई-वडील आजारी पडले तरी जाणे म्हणजे अटक. आणि त्याचे नाव पोलिसांच्या यादीत असल्यास घरच्यांच्या दारावर थाप. परागंदा माणसाची शिक्षा बहुधा त्याच्या मागे राहिलेल्यांना भोगावी लागते. दूरदेशी गेलेल्याला निदान अंतराचे कारण सांगता येते. येथे घाटाच्या टोकावर उभे राहिले तर खालचे रान स्वच्छ दिसत होते.

रानातून घरी पोचलेला आवाज

माणसाला जाता येईना तेव्हा आवाजाने वाट काढली. २५ नोव्हेंबर १९५५ रोजी ‘व्हॉइस ऑफ फ्रीडम’ हे गुप्त नभोवाणी केंद्र सुरू झाले. दिवस विचारपूर्वक निवडलेला होता : २५ नोव्हेंबर १५१० रोजी आफोन्सो द आल्बुकेर्क याने गोवा जिंकला होता. प्रक्षेपणयंत्र एका ट्रकमध्ये बसवलेले. केंद्र प्रथम आंबोलीच्या जंगलात आणि नंतर लोंढ्यापुढील कॅसलरॉकच्या जंगलात हलवण्यात आले. ते चालवणारे वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो हे दोघेही तेव्हा तिशीतले होते. पर्वरीत जन्मलेल्या लिबिया मुंबईत वाढल्या होत्या. तेथील नोकरी आणि शहरी आयुष्य मागे टाकून त्या रानात आल्या.

पोर्तुगीज आणि कोंकणी भाषांतून होणाऱ्या या प्रसारणाचे काम दुहेरी होते. सरकारी प्रचाराला उत्तर देणे हे एक. दुसरे त्याहून सूक्ष्म. सेन्सॉरशिपखाली जगणाऱ्या समाजात प्रत्येकाला वाटत असते की असा विचार करणारे आपण एकटेच आहोत. भारताच्या संसदेत गोव्याविषयी काय बोलले गेले, आफ्रिकेतील पोर्तुगीज वसाहतींत कसे वारे वाहत आहेत, गोव्याच्या तुरुंगात कोण आहे, हे दारे लावून हलक्या आवाजात ऐकणाऱ्याला आपण एकटे नसल्याची खात्री होई. सरदेसाई आणि लोबो यांनी हे काम सुमारे सहा वर्षे केले. पावसाळ्यात सह्याद्रीच्या माथ्यावर सहा पावसाळे काढणे म्हणजे काय, हे खानापूरकरांना सांगावे लागत नाही. आणि ज्या घरांशी ते रोज बोलत होते, त्यांपैकी एकाही घरात त्यांना पाऊल ठेवता येत नव्हते.

याच काळात घाटमाथ्याच्या लोकांवरही एक रेषा येऊन पडली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत बेळगावसह खानापूर मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. मराठी बोलणारी असंख्य कुटुंबे जागची न हलता दुसऱ्या राज्यात गेली. त्या रेषेचा उल्लेख लेखाच्या शेवटी पुन्हा येईल.

डिसेंबर १९६१

‘ऑपरेशन विजय’ची मुख्य जुळवाजुळव बेळगावात झाली. मेजर जनरल के. पी. कँडेथ यांच्या नेतृत्वाखालील १७ व्या डिव्हिजनच्या तुकड्या येथून सीमेकडे सरकल्या. ब्रिगेडियर सगतसिंग यांची छत्रीधारी ब्रिगेड उत्तरेकडून, दोडामार्गच्या बाजूने उतरली. ६३ वी ब्रिगेड पूर्वेकडून अनमोड घाटाने मोलेकडे निघाली. पंधरा वर्षांपूर्वी लोहियांना जेथे आणून सोडले होते, त्याच हद्दीवरून सैन्य आत शिरले. शेवटच्या माणसापर्यंत लढण्याचा सालाझारचा हुकूम गव्हर्नर जनरल वास्सालो ई सिल्वा यांनी मानला नाही. सुमारे ३६ तासांत सारे संपले आणि १९ डिसेंबरच्या रात्री शरणागतीवर सही झाली.

त्या दिवशी सरदेसाई आणि लोबो यांना ध्वनिवर्धक लावलेल्या विमानातून गोव्यावरून नेण्यात आले. सहा वर्षे अदृश्य राहिलेला आवाज आता उघड आकाशातून गोवा मुक्त झाल्याचे सांगत होता. खाली पत्रके पडत होती. परागंदा तरुणांच्या परतण्याचे याहून देखणे चित्र जगाच्या इतिहासात शोधूनही सापडणे कठीण. पण ते एकमेव चित्र मानले तर उरलेल्यांवर अन्याय होतो.

ज्यांना वेळ लागला

टी. बी. कुन्हा पोर्तुगालमधून निसटून १९५३ मध्ये पॅरिसमार्गे मुंबईत पोचले होते. आता घर एका रात्रीच्या प्रवासावर होते. तो प्रवास त्यांना करता आला नाही. २६ सप्टेंबर १९५८ रोजी, मुक्तीच्या तीन वर्षे आधी, त्यांचे मुंबईत निधन झाले. पुढे त्यांच्या अस्थी पणजीच्या आझाद मैदानातील स्मारकात आणून ठेवण्यात आल्या.

मोहन रानडे मूळचे सांगलीचे. मराठीचे शिक्षक म्हणून ते सावईवेरेत आले आणि गोवा हेच त्यांचे घर झाले. आझाद गोमंतक दलाने ऑक्टोबर १९५५ मध्ये बेती येथील चौकीवर केलेल्या हल्ल्यात ते जखमी होऊन पकडले गेले, तेव्हा ते पंचविशीच्या आसपास होते. पुढे त्यांना पोर्तुगालला नेऊन लिस्बनजवळच्या काशियास तुरुंगात ठेवले. गोवा मुक्त झाला, पोर्तुगीज युद्धकैदी १९६२ मध्ये मायदेशी परतले, पण रानडे कोठडीतच राहिले. ज्या भूमीसाठी शिक्षा झाली ती भूमी स्वतंत्र झाली आणि शिक्षा चालूच राहिली. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडके यांच्यासह अनेकांनी वर्षानुवर्षे खटपट केली. सप्टेंबर १९६८ मध्ये आजारपणामुळे सालाझार सत्तेवरून दूर झाले. जानेवारी १९६९ मध्ये रानडे सुटले. सुमारे चौदा वर्षांच्या बंदिवासानंतर ते परतले, तेव्हा त्यांचे तारुण्य संपले होते. हा अनुभव त्यांनी पुढे ‘सतीचे वाण’ या पुस्तकात मांडला. कवी आणि पत्रकार तेलो द मास्कारेन्हस यांना तर सुटकेसाठी १९७० पर्यंत वाट पाहावी लागली.

परतल्यावर

घरी पोचणे हा परतीचा शेवट नसतो, हेही या पिढीला लवकरच कळले. परागंदा माणसाच्या मनात घर सोडलेल्या दिवशीच थांबलेले असते. प्रत्यक्षात ते त्याच्यावाचून पुढे गेलेले असते. डिसेंबर १९६३ मध्ये गोव्यात पहिली विधानसभा निवडणूक झाली. मुक्तिलढ्याचा वारसा सांगणाऱ्या काँग्रेसला गोव्यातून एकही जागा मिळाली नाही. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला आणि दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. कसणाऱ्याला जमीन, बहुजनांना शाळा, महाराष्ट्रात विलीनीकरण की वेगळे अस्तित्व, हे लोकांचे प्रश्न होते. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात १,७२,१९१ मते केंद्रशासित राहण्याच्या बाजूने आणि १,३८,१७० विलीनीकरणाच्या बाजूने पडली. त्याग करून परतलेल्यांतही या प्रश्नावर दोन तट होते.

याला कृतघ्नता म्हणणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. ज्या सभास्वातंत्र्यासाठी १९४६ साली मडगावात लोक जमले, त्याच स्वातंत्र्याचा वापर करून लोकांनी स्वतःचे प्रश्न स्वतः ठरवले. ज्यांनी ते मिळवून दिले त्यांनाही मतपेटीसमोर सर्वांच्या रांगेत उभे राहावे लागले. हुकूमशाही संपल्याची ती खरी खूण होती. पुढे काहींनी शिक्षण, काहींनी पत्रकारिता, काहींनी प्रशासन जवळ केले. लिबिया लोबो सरदेसाई गोव्याच्या पर्यटन खात्याच्या पहिल्या संचालक झाल्या. वामन सरदेसाई परराष्ट्र सेवेत गेले आणि अंगोलात, म्हणजे सालाझारच्याच आणखी एका जुन्या वसाहतीत, भारताचे राजदूत झाले. त्यांना १९९२ मध्ये पद्मश्री मिळाली. लिबियांना ती २०२५ मध्ये, वयाच्या शंभरीत जाहीर झाली.

लिस्बनची पहाट

२५ एप्रिल १९७४ रोजी लिस्बनमध्ये तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी हुकूमशाही उलथवली. काशियास आणि पेनिशची दारे उघडली. तीनच दिवसांनी, पॅरिसमध्ये परागंदा असलेले समाजवादी नेते मारियो सोआरिस रेल्वेने लिस्बनला परतले. स्थानकावर त्यांच्या स्वागतास मोठी गर्दी लोटली. हेच सोआरिस परराष्ट्रमंत्री म्हणून नवी दिल्लीत आले आणि ३१ डिसेंबर १९७४ रोजी त्यांनी यशवंतराव चव्हाण यांच्यासह करारावर सही केली. गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने त्या करारान्वये मान्य केले. गोव्याच्या परागंदा तरुणांना ‘देशद्रोही’ ठरवणारी भूमिका अखेर मागे घेतली, तीही एका परतलेल्या परागंदानेच. शरणागती पत्करल्याबद्दल लष्करातून बडतर्फ झालेले वास्सालो ई सिल्वा यांनाही त्यांचा हुद्दा १९७४ नंतरच परत मिळाला. पेनिशच्या किल्ल्यात २०२४ पासून प्रतिकार आणि स्वातंत्र्य यांचे राष्ट्रीय संग्रहालय आहे.

खानापूरच्या दोन रेषा

खानापूरच्या माणसाने दोन सीमा पाहिल्या. एक १९५६ ची. तिच्याविषयी तीव्र मतभेद आहेत. त्यावर आंदोलने झाली, आयोग बसला, महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. तो वाद आजही मिटलेला नाही आणि त्यातील वेदना खोटी नाही. पण त्या रेषेवरून लग्नाची वऱ्हाडे जातात, बस जाते आणि रेषा चुकीची आहे असे दोन्ही बाजूंना मोठ्याने म्हणता येते. दुसरी सीमा १९६१ पर्यंतची. ती चुकीची आहे असे म्हणणे हाच गुन्हा होता आणि ओलांडणाऱ्यास गोळी होती. या दोन रेषांमधील फरक समजला की परागंदा होणे म्हणजे काय, ते समजते.

पेनिशला संग्रहालय झाले. पणजी, मडगाव, पत्रादेवी येथे स्मारके आहेत. ज्या गावांनी घर हरवलेल्यांना घर दिले, त्या घाटमाथ्यावरच्या गावांची आठवण मात्र फार थोडी जपली गेली. दरवर्षी १८ जूनला आणि १९ डिसेंबरला गोव्यात पुष्पचक्रे वाहिली जातात. त्या दिवशी लोंढ्याच्या फलाटावरून गाडी नेहमीच्या वेळी सुटते आणि कोणीही न अडवता कुळ्याला पोचते. ज्यांनी या गाडीची वाट सहा वर्षे पाहिली, त्यांना हवे होते ते एवढेच.